पैसे किती भरले यापेक्षा कुणी वाचलं ते विचारा

कादंबरी आली म्हणल्यावर ओळखीतल्या जवळपास प्रत्येकानं मला एकच विचारलं, किती पैसे भरले गं? मार्केट यार्डातल्या हमालांनी पण विचारलं, आमच्या दुकानाच्या मालकांनी पण आणि माझ्या सख्ख्या मावशीनं पण. काहीच भरले नाहीत म्हणल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, मग कुणाची ओळख होती का? ओळख पण नव्हती. म्हणून हे एकदा नीट लिहून काढते, कारण आमच्या सांगली भागात लिहिणारी पोरंपोरी भरपूर आहेत, वह्या भरून लिहून ठेवलेलं आहे, आणि कुणाला विचारायला गेलं की पहिला सल्ला मिळतो तो छपाईच्या रेटचा. माझं म्हणणं असं आहे की छापणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, पैसे टाकले की पुस्तक हातात येतं. अवघड काय आहे तर तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसानं तुमची अडीचशे पानं शेवटपर्यंत वाचणं. सगळा जोर तिथं लावायला पाहिजे.

मी हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघते. कादंबरी हरिपूरच्या पेवांवर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हरिपूर म्हणजे सांगलीला चिकटूनच, कृष्णा आणि वारणेचा संगम आहे तिथं. तिथल्या मातीत जमिनीखाली खोल पेवं काढलेली असायची, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, त्यात हळद भरून तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं माल आत राहायचा आणि कीड लागायची नाही. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी गेलं, माल गेला, आणि त्यानंतर हळद जास्त करून कोल्ड स्टोरेज आणि गोदामात जायला लागली. पेवावर राबणाऱ्या एका घराच्या तीन पिढ्या माझ्या कादंबरीत आहेत. दुकान बंद झाल्यावर मोबाईलवर गुगल डॉक्समध्ये लिहायचे, बास, लिहिण्याबद्दल एवढंच, कारण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं.

घरच्यांना वाचायला देऊ नका असं मी म्हणत नाही, जरूर द्या, पण त्यांचं मत धरून पुढं जाऊ नका. घरचे तुम्हाला ओळखतात, त्यामुळं ते कादंबरीत तुम्हालाच शोधत राहतात. मी आमच्या वाचनालयात गेले आणि ग्रंथपाल मॅडमना म्हणलं, मॅडम, कादंबऱ्या आवडीनं नेणारी आणि मला अजिबात न ओळखणारी दोनतीन माणसं सांगा. त्यांना रजिस्टर उघडायची पण गरज पडली नाही. कोण आठवड्याला कादंबरी बदलतं, कोण अर्धी वाचून परत आणतं, कोण शेवटचं पान आधी बघतं, हे सगळं ग्रंथपालाच्या डोक्यात असतं. नवीन लिहिणाऱ्यानं आधी या माणसाकडं जावं, प्रकाशकाकडं त्यानंतर. त्यांनी मला बँकेतनं रिटायर झालेले एक काका, मिरजेच्या हॉस्पिटलमधल्या एक सिस्टर आणि कॉलेजला असलेली एक मुलगी अशी तीन माणसं सांगितली, आणि स्वतः फोन करून त्यांना विचारलं सुद्धा.

मग झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढल्या, पानाच्या एकाच बाजूला प्रिंट, ओळींमध्ये मोकळी जागा, डाव्या बाजूला मोठा समास आणि स्पायरल. तिघांनाही एकच विनंती केली की चांगलं वाईट काही सांगू नका, फक्त जिथं कंटाळा येईल तिथं पेन्सिलनं रेघ मारा आणि वाटलं तर तिथंच ठेवून द्या. हे मी कुणाचं वाचून केलं नव्हतं, पण याचा जेवढा उपयोग झाला तेवढा पुढं कशाचाच झाला नाही. कसं आहे, समोरच्याला मत विचारलं की तो अवघडतो, तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी शोधून बोलतो. रेघेला असलं काही करावं लागत नाही.

काकांची रेघ दुसऱ्या प्रकरणात होती. सिस्टरची पण दुसऱ्याच प्रकरणात, जवळजवळ त्याच पानावर. मुलीनं रेघ मारली नव्हती पण विचारल्यावर म्हणाली की तिथली पानं मी नुसती चाळली. त्या पानांत सांगलीच्या हळद बाजाराची सगळी माहिती होती, सौदे कसे निघतात, तोलाई हमाली कशी लागते, कुठल्या भागातनं कुठला माल येतो, आणि ही सगळी माहिती मला रोज दुकानात बसून मिळालेली असल्यामुळं माझ्या फार जवळची होती. सिस्टर म्हणाल्या, "ताई, माहिती चांगलीच आहे हो, पण माणूस कुठंय त्यात? मी नाईटला होते, दोन वाजले होते, डोळे मिटत होते. मला त्या वेळेला माणूस पाहिजे होता." कादंबरीबद्दल इतकं नेमकं मला नंतर कुणीच सांगितलं नाही, पुण्यातल्या संपादकांनी सुद्धा नाही. ते प्रकरण मी काढलं, त्यातलं लागेल तेवढं पुढच्या प्रसंगांत माणसांच्या तोंडात आणि हातात घातलं आणि बाकीचं सोडून दिलं.

चौथे वाचक म्हणजे हरिपूरचे एक आबा, जन्मभर पेवावर काम केलेले. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही म्हणून त्यांच्या अंगणात बसून मी मोठ्यानं वाचलं. पेव उघडायचं प्रकरण होतं. आबा मधेच म्हणाले, "पोरी, ह्यात कंदील कुठाय? तोंड उघडलं की आदी दोरीनं कंदील सोडायचा. इझला की समजायचं, आज माणूस उतरायचा न्हाई." आत साठलेल्या वायूनं दिवा विझतो तसाच माणूसही जातो, म्हणून आधी कंदील. कंदिलाचं मी दुसरीकडं लिहिलं होतं, ते त्यांना सांगितलं, तर म्हणाले, बरं, मग कंदील इझल्यावर मानसं काय करत्यात ते लिवलंस का? ते नव्हतं लिहिलं. मग त्यांनी सांगितलं की सगळे वर बसून राहायचे, बिड्या ओढायचे, पोरीची लग्नं ठरवायचे, उसनवारीचं बोलायचे, जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचे पण समोरच्या त्या उघड्या तोंडाबद्दल कुणी एक शब्द काढायचा नाही. मी घरी आले आणि त्या रात्री तेवढंच लिहिलं, वर बसलेली माणसं. आज ज्यांनी ज्यांनी कादंबरी वाचलीय ते या प्रकरणाबद्दल बोलतात.

आता प्रकाशकांकडं. त्याच्या आधी एक गोष्ट झाली ती सांगते. आमच्याकडं औदुंबरला कृष्णाकाठी दर संक्रांतीला सदानंद साहित्य संमेलन भरतं, कित्येक दशकांची परंपरा आहे, गावातली माणसं पण ऐकायला बसलेली असतात. तिथं जेवणाच्या वेळी एका ज्येष्ठ लेखकांशी बोलणं झालं, त्यांना म्हणलं सर, कादंबरी तयार आहे, कुणाकडं पाठवू? ते म्हणाले, कादंबरी नंतर पाठवा, आधी त्यातलं एक प्रकरण दिवाळी अंकाला पाठवा, प्रकरण स्वतंत्र उभं राहात असेल तर. आणि दिवाळी अंकाचं साहित्य दिवाळीत पाठवायचं नसतं, जूनजुलैपर्यंत गेलं पाहिजे हे पण त्यांनीच सांगितलं. मी कंदिलाचं प्रकरण पाठवलं. दोन अंकांकडनं काहीच आलं नाही, तिसऱ्या अंकाच्या संपादकांचा फोन आला, दोन जागी स्पष्टीकरण विचारलं आणि घेतलं. मानधन थोडं होतं पण वेळेवर आलं. यानं झालं काय की माझ्या पत्रात लिहायला एक ओळ मिळाली. नवीन माणसाच्या पत्रात अशी एक खरी ओळ असली की वाचणाऱ्याचा हात थोडा थांबतो.

प्रकाशक कसे निवडले? वाचनालयातल्या नवीन पुस्तकांच्या रॅकसमोर एक आख्खी दुपार उभी राहिले. गेल्या दोनतीन वर्षांतल्या कादंबऱ्या काढून बघितल्या, लेखकाची पहिलीच कादंबरी कुणी कुणी काढलीय, आणि ती आपल्यासारखी ग्रामीण बोलीतली आहे का. पुस्तकाच्या आतल्या पानावर, जिथं आवृत्ती, किंमत, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी हे सगळं असतं, तिथं पत्ता आणि ईमेल असतो. तिथनंच घेतले. मोठी नावं म्हणून पाठवायचं आणि त्यांनी कधी कादंबरीच काढलेली नाही, असं करण्यात दोघांचाही वेळ जातो.

पत्र अर्ध्या पानाचं. कादंबरी कशाबद्दल आहे ते तीन ओळीत, पानं किती, मी काय करते, दिवाळी अंकाची ओळ, आणि सोबत पानभर सारांश आणि पहिली तीस पानं. सारांशात शेवट लपवला नाही, कारण संपादकाला शेवट माहीत पाहिजे. आमच्या बाजारात व्यापारी पोत्यातली एक कांडी मोडून आतला रंग बघतो आणि त्याच्यावर अख्ख्या ढिगाचा भाव बोलतो, संपादकाचं पण तसंच असतं, त्याला पहिल्या पाचसहा पानांत कळतं. म्हणून तुमचं सगळ्यात चांगलं पन्नासाव्या पानावर असेल तर पहिली पानं पुन्हा लिहा, पत्र सुंदर करत बसू नका.

काही ठिकाणाहून काहीच उत्तर नाही. चारसहा महिने वाट बघावीच लागते, त्यांच्याकडं हस्तलिखितांचे ढीग असतात आणि वाचणारी माणसं एक किंवा दोन. मी तीन महिन्यांनी एक साधं स्मरणपत्र पाठवायचे आणि मग नाद सोडायचे. एका ठिकाणाहून नकार आला पण त्यात लिहिलं होतं की तिसऱ्या पिढीतला मुलगा घाईत उरकलाय. ते खरं होतं, मी दोन महिने त्याच्यावर बसले.

आणि एका ठिकाणाहून आठवड्याच्या आतच फोन आला. कादंबरी फार आवडली म्हणाले. मी विचारलं, सर त्यातला मुकादम शेवटी जे करतो ते पटलं का तुम्हाला? पलीकडनं जरा शांतता, आणि मग पॅकेज सुरू झालं. इतक्या प्रती छापणार, त्यातल्या निम्म्या तुम्ही विकत घ्यायच्या, मुखपृष्ठाचे वेगळे, प्रकाशन समारंभाचे वेगळे, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, काढायचे वेगळे. एकूण रक्कम माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी. मला राग आला तो पैशाचा नाही. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढण्यात काहीच कमीपणा नाही, चांगली चांगली पुस्तकं तशी आलेली आहेत, आणि कुणी सरळ सांगितलं की आम्ही छापून देतो, हा रेट, तर तो स्वच्छ व्यवहार आहे. पण न वाचता आवडली म्हणणं हे मला सहन झालं नाही. लिहिणाऱ्या माणसाला तो एक शब्द ऐकायची किती भूक असते, आणि नेमकं तिथंच हात घालायचा. मी नाही म्हणून सांगितलं. आयएसबीएनचं तर सगळ्यांनी लक्षात ठेवा, आपल्याकडं हा नंबर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडनं ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, प्रकाशकाला पण आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाला पण.

अजून एक वाट आहे ती बऱ्याच जणांना माहीत नसते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. अर्ज मागवल्याची जाहिरात येते, हस्तलिखित तज्ज्ञांकडं वाचायला जातं, मंजूर झालं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. हे मंडळ सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष आपल्या वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. मी अर्जाची तयारी करून ठेवलेली होती, पण त्याच्या आधी पुण्याहून मेल आला की पूर्ण कादंबरी पाठवा, आणि नंतर, घेतोय म्हणून.

आनंद किती झाला ते सांगत नाही. कॉन्ट्रॅक्टबद्दल मात्र सांगते कारण आनंदाच्या भरात सही होऊन जाते. दुकानाच्या वकिलांना दाखवलं, त्यांनी कॉपीराइट कायद्याचं कलम 19 वाचायला लावलं. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच पाहिजे, त्यात कुठले हक्क, किती मुदत, कुठल्या प्रदेशासाठी आणि मानधन किती हे लिहिलेलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. माझ्या मसुद्यात अनुवाद, ऑडिओ, सिनेमा, वेबसिरीज सगळंच प्रकाशकाकडं होतं. मी नम्रपणे लिहिलं की मराठी छापील आणि ईबुक तुमच्याकडं, बाकी माझ्याकडं राहू द्या, आणि मुदत लिहा. त्यांनी एका फोनमध्ये मान्य केलं. नवीन लेखकानं असलं विचारलं तर पुस्तकच परत देतील ही भीती मनातनं काढून टाका, धंदा करणाऱ्या माणसाला अटींवर बोलणं नवीन नसतं. आणि कॉपीराइटच्या नोंदणीसाठी अडून बसायचं कारण नाही, हक्क लिहिल्या क्षणी तुमचाच असतो, नोंदणी हवी असेल तर करा, कादंबरीसाठी सरकारी फी 500 रुपये आहे.

संपादक मॅडमबरोबरचं काम मला सगळ्यात आवडलं. त्या फोनवर विचारायच्या, ही बाई इथं गप्प का राहिली? आणि मला उत्तर देता यायचं नाही, मग दोन दिवसांनी यायचं. वाद एकदाच झाला. मुद्रितशोधनात कुणीतरी सगळ्या संवादांतलं व्हतं चं होतं केलं, न्हाई चं नाही, इझला चं विझला. मी पान उघडलं आणि माझी माणसं एकदम सदाशिव पेठेत राहायला गेलेली. मी मॅडमना फोन केला, आवाज चढला माझा. म्हणलं मॅडम, निवेदन तुम्ही म्हणाल तसं प्रमाण करू, तिथं मी हट्ट करणार नाही, पण आबा बोलतात ते आबांचंच राहू द्या, आणि पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणं लिहायला शुद्धलेखनाच्या नियमांत पण जागा आहे. मॅडम म्हणाल्या, एक काम करा, तुमच्या बोलीतल्या शब्दांची यादी द्या, एक शब्द सगळीकडं एकाच रूपात पाहिजे. ते बरोबरच होतं. यादी केली, न्हाई म्हणजे सगळीकडं न्हाई, मधेच नाय नाही. बोलीत लिहिणाऱ्यांनी ही यादी आधीच करावी, मग कुणी हात लावत नाही.

माझं युनिकोडमधलं, म्हणजे मोबाईलवर टाईप होतं तसलं, तिकडं अक्षरजुळणी दुसऱ्या फॉन्टमध्ये. कन्व्हर्ट करताना ऱ्य चं र्य झालं, त्यामुळं पहिल्या प्रूफात सगळीकडं भाकर्या, दोर्या, पायर्या. तीन वेळा प्रूफं बघितली, तिसऱ्यांदा कॉलेजच्या त्या मुलीला बरोबर घेऊन, ती मोठ्यानं वाचणार आणि मी बघणार. मग पानांचा हिशोब. छपाईत एका मोठ्या कागदावर एकदम जेवढी पानं बसतात त्याला फॉर्म म्हणतात, तो 16 पानांचा असतो, माझं पुस्तक सुरुवातीची पानं धरून 244 ला गेलं, 15 फॉर्म म्हणजे 240. चार पानांसाठी खर्च वाढवण्यापेक्षा काही करता येतंय का बघा म्हणाले. मी परिच्छेद परिच्छेद बघत बसले, ज्या ओळीत शेवटी एकच शब्द लोंबकळत होता तिथला एखादा शब्द कमी केला की ओळ वर जायची, असं करत करत चार पानं निघाली आणि गोष्टीतलं काहीच गेलं नाही.

पहिली आवृत्ती 500 प्रतींची. किंमत 300, रॉयल्टी 10 टक्के, म्हणजे एका प्रतीमागं 30 आणि सगळ्या प्रती गेल्या तर 15,000. हे आकडे मी मुद्दाम सांगते, कादंबरीवर घर चालत नाही, आपली नोकरी सांभाळूनच हे करायचं. पण एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. पुस्तक आलं की कायद्यानं प्रकाशकाला एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवावी लागते, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीला पण. हा 1954 चा कायदा आहे. आबांच्या तोंडचं इझला कोलकात्यात जाऊन जपून ठेवलं जाणार हे कळलं तेव्हा मी दुकानात हिशोबाच्या वहीवर हात ठेवून बराच वेळ तशीच बसले होते.

विक्री हळूच आहे. गावागावातल्या वाचनालयांत जातंय, तिथनं फोन येतात, बायकांचे जास्त येतात.

आणि आता लोक मला हस्तलिखितं आणून देतात. विट्याच्या एका मुलानं यंत्रमागावरची कादंबरी लिहिलीय, दणदणीत आहे, पण पहिली वीस पानं मागाच्या भागांची नावं आणि सुताचे प्रकार यातच गेलीत. मी रेघ मारून परत दिली. दोन आठवडे त्याचा फोन नव्हता. परवा आला, म्हणाला ताई, काढली ती पानं, आता रात्रपाळीच्या भोंग्यापासनं सुरू केलीय, रविवारी घेऊन येऊ का? म्हणलं ये, आणि स्पायरल करून आण.